रांगेतील चुकीचा आकडा

वार्षिक परीक्षेच्या गुणपत्रकात एका विषयाखाली पाच विद्यार्थ्यांचे गुण ओळीने लिहिले आहेत : ६०, ५०, गैरहजर, ७०, ४०. या विषयाची सरासरी काढावयाची आहे. गैरहजर विद्यार्थ्याच्या जागी शून्य धरले तर सरासरी ४४ येते. त्याला हिशेबातून वगळले तर तीच सरासरी ५५ होते. आणि कारकुनाने लेखणी खाली ठेवून मुख्याध्यापकांचा निर्णय येईपर्यंत काम थांबवले, तर उत्तर चुकत नाही हे खरे, पण उत्तर मिळतही नाही. आकड्यांच्या रांगेत एक शब्द शिरला आणि एका प्रश्नाची तीन उत्तरे झाली!

माणसाला अशा प्रसंगाचे फारसे वाटत नाही. शब्द दिसताच तो क्षणभर थबकतो, विचार करतो आणि मार्ग काढतो. यंत्राचे तसे नाही. त्याच्यापुढून हजारो आकडे एकामागून एक जात असतात, आणि बिघडलेला आकडा आला असता काय करावयाचे, हे त्याला कोणीतरी अगोदरच सांगून ठेवावे लागते. थांबावे? वगळून पुढे जावे? अंदाजाने काही भरावे? की त्या आकड्यावर खूण करून तो तसाच पुढे न्यावा? आज ज्याला आपण संगणक म्हणतो, त्याच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. परंतु तो विजेच्या यंत्रांइतका नवा नाही. त्याचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे, आणि त्यात थोर गणितज्ञांपासून आकाशात फुटलेल्या अग्निबाणापर्यंत पुष्कळ काही आहे.

आरंभ करावयाचा तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीपासून. १७९० नंतरच्या त्या दशकात गास्पार द प्रोनी या अभियंत्याकडे लॉगॅरिथमची प्रचंड कोष्टके तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्याने कामाची वाटणी कारखान्यासारखी केली. वर मोजके गणितज्ञ सूत्रे ठरवीत, मधला वर्ग त्यांतून आरंभीचे आकडे काढून देई, आणि खाली साठ ते ऐंशी माणसे केवळ बेरीज आणि वजाबाकी करीत बसत. या शेवटच्या लोकांना गणित येण्याची गरज नव्हती, कारण सारे काम फरकांच्या रीतीने चाले.

ही रीत समजून घेणे अगत्याचे आहे. १, ४, ९, १६, २५, ३६ ही वर्गसंख्यांची रांग घ्या. शेजारच्या दोन संख्यांमधील फरक ३, ५, ७, ९, ११ असे येतात, आणि हे फरक प्रत्येक वेळी बरोबर २ ने वाढतात. म्हणजे गुणाकार मुळीच न करता, नुसत्या बेरजेने सारी रांग पुढे नेता येते. फार सोयीची युक्ती! परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. समजा, बेरीज करणाऱ्याने फरक ७ ऐवजी ८ धरला. मग १६ च्या जागी १७ येतील, पुढे २५ च्या जागी २७ आणि ३६ च्या जागी ३९ येतील. चूक एकाची होती, ती दोनाची झाली, मग तीनाची झाली. एका माणसाची एक क्षणाची चूक रांगेतील पुढच्या प्रत्येक संख्येच्या मानगुटीवर बसते, आणि जसजसे पुढे जावे तसतशी वाढत जाते.

यावर प्रोनीने योजलेला उपाय साधा पण खर्चिक होता. त्याने तीच कोष्टके दोनदा, एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार करविली आणि दोन्ही प्रती ताडून पाहण्याची व्यवस्था केली. जेथे मेळ बसत नाही तेथे चूक आहे, हे उघड होते. विशेष असे की, जी रीत चूक पसरविते तीच चूक पकडूनही देते. छापून तयार झालेल्या कोष्टकात १६ ऐवजी नजरचुकीने १७ पडले असतील, तर फरकांचे फरक काढून पाहावे. ते सगळे २ यावयास हवेत, त्याऐवजी २, ३, ०, ३ असे येतात, आणि मधले शून्य नेमके चुकलेल्या आकड्याकडे बोट दाखविते.

१८२१ साली लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल हे अशीच खगोलशास्त्राची कोष्टके तपासण्यास बसले होते. चुकांमागून चुका निघू लागल्या. कोष्टकांतील चूक ही त्या काळी किरकोळ गोष्ट नव्हती, कारण भर समुद्रात जहाजाचे स्थान ठरविणारा नावाडी याच आकड्यांवर विसंबून असे. हे आकडे यंत्राने काढता येतील, या विचाराने बॅबेजला तेथून पुढे आयुष्यभर झपाटले. त्याच्या ‘डिफरन्स एंजिन’ या यंत्राचा पायाच मुळी फरकांची रीत हा होता. १८२३ पासून सरकारने त्याला पैसा दिला, १८३३ साली काम बंद पडले, आणि सुमारे सतरा हजार पौंड खर्च झाल्यावर १८४२ साली सरकारने अंग काढून घेतले.

येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ती यंत्राच्या अपयशाची नव्हे. बॅबेजला हे पक्के ठाऊक होते की, फरकांच्या रीतीत एक दातेरी चाक अर्ध्यावर अडून राहिले तर पुढची सारी रांग नासेल. म्हणून त्याने यंत्राची रचनाच अशी केली की, एखादे चाक दोन आकड्यांच्या मधोमध राहिल्यास यंत्र जागच्या जागी अडकावे. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणे बरे, हे धोरण त्याने पितळेत आणि पोलादात उतरविले. १९९१ साली, बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या दुसऱ्या आराखड्याप्रमाणे यंत्राचा गणिताचा भाग बांधून दाखविला, आणि तो चालला.

त्याचे पुढचे ‘ॲनॅलिटिकल एंजिन’ कधीच पूर्ण झाले नाही. परंतु १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने त्याची जी कल्पना दिली आहे ती मोठी मनोवेधक आहे. गणित करता करता यंत्राला एखाद्या संख्येचा लॉगॅरिथम हवा झाला की त्याने घंटा वाजवून थांबावे, आणि कोणत्या संख्येचा हवा तेही दाखवावे. मग सेवकाने कोष्टकातून योग्य ते छिद्रांचे कार्ड आणून द्यावे. पण सेवकाने चुकीचे कार्ड दिले तर? यंत्र ते स्वतः पडताळून पाहील, पहिल्यापेक्षा मोठ्याने घंटा वाजवील आणि चूक झाल्याचे सांगून पुन्हा थांबेल. बाहेरून येणाऱ्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, आणि तो नाकारला तर का नाकारला हे सांगावे, ही दोन तत्त्वे त्यात स्पष्ट दिसतात.

बॅबेजचे यंत्र चूक दिसताच थांबणारे होते. परंतु कोट्यवधी नोंदींचे काम असेल तर प्रत्येक चुकीला थांबून कसे चालेल? हा पेच १८९० च्या अमेरिकन जनगणनेत उभा राहिला. सहा कोटींहून अधिक माणसांची नोंद करावयाची होती. हर्मन हॉलरिथ याने प्रत्येक माणसामागे एक छिद्रांकित कार्ड केले आणि ती कार्डे मोजणारे विजेचे यंत्र बनविले. कार्ड नीट वाचले गेले की यंत्राची घंटा वाजे. घंटा वाजली नाही, तर काहीतरी बिनसले आहे हे कळून ते कार्ड बाजूला ठेवले जाई आणि मोजणी पुढे चालू राही. बॅबेजची घंटा चुकीसाठी वाजणार होती, हॉलरिथची बरोबर झाल्याबद्दल वाजे. यातील शहाणपण असे की, दोषी कार्ड मोजले जात नसे, पण फेकलेही जात नसे. ते वेगळ्या गठ्ठ्यात माणसाच्या तपासणीची वाट पाहत राही.

विसाव्या शतकाच्या मध्यास विजेची गणकयंत्रे आली तेव्हा ही दोन्ही धोरणे त्यांच्याबरोबर आली. कोन्राड झूसे याने १९४१ साली बर्लिनमध्ये आपले ‘झेड-३’ हे यंत्र चालवून दाखविले. शून्याला शून्याने भागण्यासारखे निरर्थक गणित समोर आले तर त्या यंत्रावरील दिवा लागे आणि यंत्र थांबे. पुढे, १९५१ साली अमेरिकेत कामास लागलेल्या ‘युनिव्हॅक’ यंत्रात बेरीज-वजाबाकीची मंडलेच दुहेरी होती. दोन्हींची उत्तरे जुळली नाहीत तर काम थांबे. प्रोनीच्या दोन प्रतींची युक्ती येथे तारांमध्ये आलेली दिसते.

परंतु थांबण्याच्या धोरणाला कंटाळलेल्या एका माणसाने या इतिहासाला नवे वळण दिले. रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ १९४६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आला. तेथील रिलेंच्या गणकयंत्रावर त्याला आठवड्याच्या अखेरीस काम करता येई. त्या दोन दिवसांत यंत्राजवळ कोणी नसे. यंत्र स्वतःची चूक ओळखू शके, पण चूक आढळली की ते चालू गणित टाकून देई आणि दुसऱ्याचे गणित हाती घेई. सोमवारी सकाळी येऊन पाहावे तो आपल्या कामाचा पत्ता नाही, असे हॅमिंगच्या बाबतीत लागोपाठ दोन आठवडे झाले. तेव्हा त्याच्या मनात आले की, चूक झाली आहे एवढे जर यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे त्याला का कळू नये? आणि जागा कळली तर ती त्याने दुरुस्त का करू नये?

या प्रश्नाचे उत्तर त्याने १९५० साली प्रसिद्ध केले. ते समजण्यास गणिताची मोठी तयारी लागत नाही. चार खुणा पाठवावयाच्या आहेत, प्रत्येक खूण शून्य किंवा एक. त्यांच्यात तपासणीच्या तीन खुणा मिसळून एकूण सात कराव्यात आणि त्यांना १ ते ७ क्रमांक द्यावेत. पहिली तपासणी १, ३, ५, ७ या जागांची, दुसरी २, ३, ६, ७ या जागांची आणि तिसरी ४, ५, ६, ७ या जागांची. प्रत्येक गटात एकांची संख्या सम राहील अशा बेताने तपासणीच्या खुणा भरावयाच्या. आता वाटेत सहाव्या जागेची खूण बिघडली असे समजू. सहा ही जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात आहे, पहिल्यात नाही; म्हणून पहिली तपासणी बरोबर येईल आणि इतर दोन चुकतील. पहिल्या तपासणीचे मोल १, दुसरीचे २ आणि तिसरीचे ४ धरले, तर चुकलेल्या तपासण्यांची बेरीज २ अधिक ४ म्हणजे ६ होते. बिघडलेल्या जागेचा क्रमांक आपोआप हाती आला! खूण शून्य असेल तर एक करावी, एक असेल तर शून्य, की काम पुढे चालू.

यालाही मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे. सात खुणांत एकच बिघडली असेल तरच ही दुरुस्ती खरी ठरते. एकदम दोन बिघडल्या तर यंत्र भलतीच खूण ‘दुरुस्त’ करील आणि आपले सारे ठीक आहे असे समजेल. शिवाय हॅमिंगची रीत वाटेत बिघडलेल्या आकड्यासाठी आहे. जो आकडा मुळातच अर्थहीन आहे, त्याला ती काय करणार? शून्याने भागले तर खरे उत्तरच नाही. मग ते परत मिळवावयाचे कोठून?

या दुसऱ्या प्रकारच्या चुकीबाबत कित्येक वर्षे अराजक होते. एकच गणित एका कंपनीच्या यंत्रावर थांबे, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर एखादा अवाढव्य आकडा देई, तर तिसऱ्यावर शून्य देऊन मोकळे होई. १९६४ साली आलेल्या ‘सीडीसी ६६००’ या शक्तिशाली यंत्रात मात्र ‘अनंत’ आणि ‘अनिश्चित’ अशा खास संज्ञा आकड्यांच्या जोडीला ठेवलेल्या होत्या. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विल्यम केहॅन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ पासून परिश्रम करून १९८५ साली सर्व यंत्रांसाठी एक मानक मान्य करवून घेतले. ‘आयईईई ७५४’ या नावाने ते ओळखले जाते. त्याबद्दल केहॅनला १९८९ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

या मानकाने ‘संख्या नव्हे’ असे सांगणारी एक खूण संख्यांच्याच पंक्तीत बसविली. तिला ‘नॅन’ म्हणतात. शून्याला शून्याने भागले की नॅन येतो. नॅनमध्ये काहीही मिळवा, त्याला कशानेही गुणा, उत्तर नॅनच येते. दुधात मिठाचा खडा पडावा तसे हे आहे. परंतु येथे ती खोड नसून गुण आहे. गुणपत्रकात ‘गैरहजर’ हा शब्द शून्य न होता बेरजेपर्यंत तसाच पोहोचला, तर बेरीज वाचणाराला फसविणे शक्यच राहत नाही. शिवाय, एका आकड्यासाठी हजारो आकड्यांचे काम अडत नाही. शेजारचे निर्दोष आकडे आपापली उत्तरे घेऊन सुखरूप बाहेर पडतात. अर्थहीन गणित, शून्याने भागणे, आकडा फार मोठा होणे, फार लहान होणे आणि उत्तर पूर्ण अचूक न राहणे अशा पाच गोष्टींसाठी यंत्रात पाच निशाणेही ठेवलेली असतात. गणित चालूच राहते, पण निशाण वर झालेले मागाहून पाहता येते.

नॅनची उणीव अशी की, तो ‘कोठे’ आणि ‘का’ हे सांगत नाही. दहा हजार आकड्यांच्या बेरजेअखेर नॅन उभा राहिला, तर घरात चोर शिरला एवढे कळते. कोणत्या दाराने, ते कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम आज्ञावलीच्या भाषांनी आपल्याकडे घेतले. १९६४ च्या सुमारास आयबीएम कंपनीने ‘पीएल-वन’ ही भाषा घडविली. तीत अमुक प्रसंग आला तर तमुक करावे, असे आधीच लिहून ठेवण्याची सोय होती : शून्याने भागले तर, अंकाच्या जागी अक्षर आले तर, किंवा वाचावयाची कार्डे संपली तर. १९७५ साली जॉन गुडइनफ याने या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. अपवादाचा प्रसंग निस्तरल्यावर मूळ काम जेथे थांबले तेथूनच पुढे चालवावे की ते तेथेच सोडून द्यावे, हा त्यातला मोठा वादाचा मुद्दा होता. बार्बरा लिस्कॉव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी ‘क्लू’ या भाषेत दुसरा मार्ग पत्करला, आणि पुढच्या बहुतेक प्रचलित भाषा त्याच मार्गाने गेल्या.

भाषेचे नियम झाले, तरी त्यांचा उपयोग कसा करावयाचा हे शेवटी माणसांच्या विवेकावर राहते. याची दोन उदाहरणे आकाशात घडली.

पहिले २० जुलै १९६९ चे. अपोलो-११ चे यान चंद्रावर उतरत असता यानातील गणकयंत्राने १२०२ या क्रमांकाचा धोक्याचा इशारा दिला, आणि तसे इशारे पुन्हा पुन्हा येऊ लागले. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे यंत्रावर कामाचा भार पडून त्याची जागा अपुरी पडत होती. परंतु मॅसॅच्युसेट्स येथील ज्या मंडळींनी ती आज्ञावली लिहिली होती, त्यांनी कामांची प्रतवारी आधीच लावून ठेवली होती. भार झाला की यंत्राने कमी महत्त्वाची कामे टाकावीत, स्वतःला क्षणात पुन्हा सुरू करावे आणि यान उतरविण्याचे काम जेथे होते तेथून उचलावे. पृथ्वीवरच्या तंत्रज्ञांकडे कोणत्या इशाऱ्याचा अर्थ काय, याची यादीही तयार होती. यान सुखरूप उतरले. यंत्र चुकीपुढे आंधळेही झाले नाही आणि घाबरून गप्पही बसले नाही.

दुसरे उदाहरण ४ जून १९९६ चे. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधील कुरू येथून ‘आरियान-५’ हा युरोपीय अग्निबाण प्रथमच उडाला, आणि चाळीस सेकंदांच्या आत त्याचा मार्ग चुकून तो फुटला. त्यावरील चार वैज्ञानिक उपग्रह नष्ट झाले. झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जे कारण शोधले ते असे. अग्निबाणाची दिशा सांगणाऱ्या उपकरणात मापनांची एक अखंड मालिका चाललेली असे. त्यातील एक मोठा आकडा १६ खुणांच्या लहान जागेत बसवावयाचा होता. अशा जागेत ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावतो. आधीच्या आरियान-४ वर तो कधीच एवढा वाढत नसे. नव्या अग्निबाणाचा मार्ग वेगळा होता, म्हणून तो वाढला. अशा सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते, तीन जाणूनबुजून मोकळे ठेवले होते. कारण यंत्रावरचा भार मर्यादेत राखावयाचा होता.

यावर कडी अशी की, ज्या गणितात तो आकडा लागत होता त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती. तरीही चूक होताच ते उपकरण नियमाप्रमाणे संपूर्ण बंद पडले. राखीव उपकरणात तीच आज्ञावली असल्याने ते क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडले होते. प्रोनीच्या दोन प्रती दोन स्वतंत्र गटांनी केल्या होत्या, म्हणून त्यांचा उपयोग झाला. येथे दोन्ही उपकरणे एकाच विचाराने विचार करीत होती. आणि अखेरची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. बंद पडता पडता उपकरणाने आपल्या बिघाडाचा वृत्तान्त पुढे पाठविला. मुख्य गणकयंत्राने तो वृत्तान्त म्हणून वाचलाच नाही. ती उड्डाणाची मापे आहेत असे समजून त्याने अग्निबाणाची तोंडे वळविली. ‘मी बिघडलो आहे’ हे सांगणारा शब्दच आकडा म्हणून हिशेबात धरला गेला!

या अपघाताचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर असे : चूक झाल्याचे सांगणे पुरेसे नाही, ते अशा रूपात सांगितले पाहिजे की कोणी त्याला खरी किंमत समजूच शकणार नाही. गेल्या काही दशकांतील आज्ञावलीच्या भाषांचा ओढा नेमका याच बाजूला आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर याने १९६५ साली एका भाषेत ‘येथे काहीच नाही’ असे दर्शविणारी रिकामी खूण सोयीसाठी ठेवली होती. ती खरी वस्तू समजून वापरल्यामुळे इतके घोटाळे झाले की, २००९ साली त्यानेच आपली ती चूक शंभर कोटी डॉलरांना पडली असावी असे जाहीरपणे म्हटले. उलटपक्षी, एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर याने १९७० नंतरच्या दशकात ‘एमएल’ ही भाषा सुरू केली. तिच्या परंपरेतील भाषांत आणि २०१५ साली स्थिर रूपात आलेल्या ‘रस्ट’सारख्या भाषांत उत्तर उघडे न देता जणू लखोट्यात घालून देता येते. लखोट्यात एक तर उत्तर असते, नाही तर चुकीचा वृत्तान्त असतो. लखोटा फोडून पाहिल्यावाचून आतील किंमत हाती लागत नाही, त्यामुळे चूक नजरेआड होण्याची वाट बरीचशी बंद होते.

मग हजार आकड्यांच्या रांगेतून हजार लखोटे हाती आले म्हणजे काय करावयाचे? येथे पुन्हा जुनेच दोन मार्ग समोर उभे राहतात. पहिली चूक दिसताच सारी रांग नाकारावी, हा बॅबेजचा मार्ग. चांगले एका गठ्ठ्यात आणि दोषी दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवावे, हा हॉलरिथचा मार्ग. दोन्हींपैकी कोणता मार्ग सरसकट श्रेष्ठ, असा निवाडा करता येत नाही. काम कोणते आहे हे पाहावे लागते. एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात भरावयाचे असतील तर दोन्ही गोष्टी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये; अर्धेच काम झाले तर पैसा मधल्या मध्ये नाहीसा होईल. जेथे मागच्या आकड्यावर पुढचा आकडा उभा आहे, तेथेही थांबणेच शहाणपणाचे. फरकांच्या रीतीने ते आपल्याला दाखविलेच आहे. परंतु जेथे प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे, तेथे एकाच्या दोषासाठी नऊशे नव्याण्णवांना अडवून धरणे हा अन्याय होय.

मात्र दोषी नोंद वगळणे आणि ती गुपचूप वगळणे यांत फार अंतर आहे. हे अंतर केवळ शास्त्राचे नव्हे. रांगेतील आकड्यामागे पुष्कळदा माणूस उभा असतो. निवृत्तिवेतनाची किंवा धान्याच्या वाटपाची यादी यंत्रातून जात असते, आणि एका ओळीत नाव जुळत नाही. सीमाभागात तर एकाच माणसाचे नाव एका कागदावर देवनागरीत, दुसऱ्यावर कानडीत आणि तिसऱ्यावर रोमन लिपीत लिहिलेले असते. अक्षरांत थोडेफार इकडचे तिकडे होणे अटळच आहे. यंत्राने ती ओळ मुकाट्याने गाळली तर यादी नीट दिसते, बेरीज जुळते, कोठे घंटा वाजत नाही. आणि एक म्हातारा माणूस महिनोन्‌महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहतो. उलट, तीच ओळ बाजूला ठेवून ‘इतक्या ओळी राहिल्या, त्या अमुक जागच्या आणि अमुक कारणाने’ असे यंत्राने सांगितले, तर कोणीतरी माणूस ती पाहतो आणि दहा मिनिटांत काम होते.

सव्वादोनशे वर्षांच्या या वाटचालीत यंत्रे पितळेची होती ती काचेच्या नळ्यांची झाली आणि पुढे नखाएवढ्या चकतीत मावली. परंतु चुकीशी वागण्याची जी रीत त्या काळच्या विचारवंतांनी शोधली, ती मुळात फारशी बदललेली नाही. चूक होणारच, हे आधी धरून चालावे. ती खऱ्या किंमतीच्या वेषात पुढे जाऊ देऊ नये. जेथे पुढचे सारे तिच्यावर अवलंबून असेल तेथे थांबावे, जेथे नसेल तेथे इतरांना तिची शिक्षा देऊ नये. आणि जे बाजूला ठेवले त्याचा हिशेब ठेवावा. यंत्राला यातील एकही गोष्ट आपणहून सुचत नाही. ती आज्ञावली लिहिणाऱ्याला आधी सुचावी लागते. आणि ज्याला ती सुचते, त्याने रांगेतील शेवटच्या आकड्याचीही काळजी वाहिलेली असते.